दादाचं न वापरलेलं नाणं

दादाला मोतीबिंदू झाला आणि त्याची नाणी माझ्या गळ्यात पडली. कारण एवढंच, की आमच्या घरात याद्या मी करते. लग्नाच्या किराण्याची, गणपतीच्या सामानाची, कोणाकडे कोणतं पातेलं गेलं त्याची. शहापूरच्या शाळेत मी कारकून, मोकळा दिवस एकच, रविवार. ते सलग चार रविवार दादाच्या घरी जायला, किन्हवलीमार्गे मुरबाडला जाणाऱ्या एसटीत गेले.

दोन हजार सालानंतरची, लोडशेडिंगच्या दिवसांतली ही गोष्ट. कल्याणचे एक संग्राहक दादाकडची जादा नाणी बघायला येणार होते. बदल्यात ते हैदराबाद टाकसाळीचा, सालाखाली ताऱ्याची खूण असलेला एक रुपया देणार होते. दादा तो कित्येक वर्षं शोधत होता. पण त्यांचा डोळा दादाच्या एकाच नाण्यावर होता : कणसांचं चित्र असलेलं, चांदीचं, दहा रुपयांचं. ते यूएनसी हवं, ही त्यांची अट. यूएनसी म्हणजे टाकसाळीतून निघाल्यावर व्यवहारात न आलेलं नाणं. प्रत्येक नाण्यापुढे दर्जा लिहून ठेवायचा होता, आणि दादाला भिंगातूनही धुकंच दिसत होतं.

"पहिला रकाना चमकेचा कर," दादा म्हणाला.

"चमक नंतर. आधी पृष्ठभाग."

"नाणी मी जमवली का तू गो?"

वैताग असा, की हे मला लहानपणी शिकवलं होतं त्यानंच. न वापरलेल्या नाण्यांत झीज कोणालाच नसते. मग एक चांगलं आणि दुसरं साधारण ठरतं ते टोच्यांवरून. टाकसाळीच्या पोत्यात नवी नाणी एकमेकांवर आदळतात आणि त्यांना टोचे पडतात. किती पडले, किती खोल पडले हे बघायचं, आणि सगळ्यांत आधी कुठे पडले ते. कणसांच्या दाटीत चार टोचे लपून जातात. दुसऱ्या बाजूला सिंहांच्या शेजारच्या मोकळ्या, सपाट जागेत एकच असला, तरी नजर तिथेच जाऊन बसते. चमक त्यानंतर, आणि ती घासलेल्या भांड्याची चमक नव्हे. नाणं दिव्याखाली तिरकं फिरवलं, की उजेडाचा पट्टा चाकासारखा त्यावरून फिरला पाहिजे. तो मध्येच तुटला, तर तिथे कोणाचा तरी हात फिरलाय.

हे ज्याला त्याला समजावून माझं तोंड दुखलं. शेजारचे काका दर रविवारी डोकावायचे. "चिंच लावा, बाई. आरसा होईल." मी त्यांना दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा ते चिंच घेऊनच आले.

चांदीचं नाणं मी यादीच्या शेवटच्या, तिसऱ्या रविवारासाठी ठेवलं होतं. त्या दिवशी नेमकी सकाळीच वीज गेली. मी डबी घेऊन पडवीच्या उन्हात आले आणि नाणं कडेनं धरून फिरवलं. पट्टा अर्ध्यावर तुटला. सपाट जागेवर केसासारख्या बारीक रेघा होत्या, सगळ्या एकाच दिशेनं गेलेल्या.

"दादा, हे कोणी पुसलंय?"

"डबीतून बाहेरच नाय काढलेलं."

आत वहिनी तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "काढतो की आमी. दिवाळीला. लक्ष्मीच्या ताटात नवं नाणं नको?"

मी विचारलं, "आणि हळदकुंकू?"

"मग तसंच ठेवू का डबीत? जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा आहे माझा. घासलं नाय, वन्सं, नुसतं पुसलं."

"किती वर्षं?"

"आणलं तेव्हापासून. वर्षभर कोंडून ठेवता बिचाऱ्या लक्ष्मीला, एक दिवस बाहेर काढली तर काय बिघडलं? बाजारात कुठं गेली ती? डबीतून ताटात, ताटातून डबीत."

आणि दादाला हेच पाहिजे होतं. "बरोबर बोलते ती. बाजारात गेलं नाय, म्हणजे वापरलेलं नाय. लिही यूएनसी."

"झीज नाही, कबूल. पण पुसलंय. मऊ कापडातही धूळ असते, तिनं रेघा पडतात. तूच सांगायचास."

"तो कल्याणवाला उन्हात नेऊन बघेल तर ना."

हे बोलल्यावर तो स्वतःच खाली बघायला लागला. पुसलेलं नाणं न सांगता गळ्यात मारणाऱ्या एका माणसाशी त्यानं कायमचं बोलणं टाकलं होतं, आणि ते आम्हां तिघांनाही ठाऊक होतं.

"मग यादी तू लिही," मी म्हटलं. त्याला लिहिता येण्यासारखं नव्हतं, हे माहीत असून म्हटलं. मग त्याच्यासमोरच लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं : 'झीज नाही. पुसलेलं. सपाट जागेवर रेघा.' त्या दिवशी तो मला सोडायला नाक्यापर्यंत आला नाही.

पुढच्या रविवारी कल्याणचे गृहस्थ आले. त्यांनी यादी वाचली, नाणं दारात नेऊन पाहिलं आणि खाली ठेवलं. "यूएनसी म्हणून नाही घेता येणार मला."

वहिनी चहा घेऊन आली. "मी पुसलंय ते. यांना ठाऊक नव्हतं."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी तारा असलेले एकेक रुपयाचे दोन नग आणले होते. कोरा होता तो परत पिशवीत गेला. दुसरा, बाजार फिरून आलेला, त्यांनी दहाच्या नाण्याच्या बदल्यात पुढे केला. दादा हो म्हणाला. मी एवढं खरं लिहूनही त्या गृहस्थांनी उरलेलं एकूण एक नाणं भिंगाखाली तपासलं. दीड तास. मी घड्याळाकडे बघत बसले होते.

ते गेल्यावर दादानं तो रुपया दोन बोटांत कडेनं धरला.

"सांग."

"सिंहांची तोंडं झिजलीत. मधल्याचं जास्त."

"सपाट जागा?"

"तीन टोचे. एक खोल आहे, उजवीकडे, कडेला लागून. मागच्या बाजूला एक लांब रेघ."

"तारा?"

"तारा स्वच्छ आहे."

त्यानं अंगठ्याच्या नखानं कड चाचपली. "परत सांग. हळू. भराभर वाचतेस तू, यादी असल्यासारखी."

मी भिंग पुसलं आणि पुन्हा सिंहांपासून सुरुवात केली.