दवंडीनंतरचा पापडवाला

त्याचं नाव मला आजही माहीत नाही. मी बदलापूरला नवी सून होते. फाळणीत सिंध सोडून आलेला हा पापडवाला कल्याण कँपातून पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन आमच्या आळीत यायचा. एकदा दवंडी पिटली, की घातपाती बॉम्ब घेऊन फिरतायत, अनोळखी माणूस दिसला तर पाटलांना कळवा. झालं, त्याला सगळी दारं बंद.

तो आमच्याकडे आला आणि आत पापडच आहेत हे दिसावं म्हणून त्यानं पेटी उघडून अंगणात ठेवली. सासूबाईंनी पाणी दिलं, तर आधी निखारा मागून पापड भाजला. त्यांच्यात म्हणे पाण्यासोबत पापड लागतोच. अर्धा आम्हाला दिला.

"भीती नाही वाटत रे?" सासूबाईंनी विचारलं.

"माई, उधर सरकार बोली डरो मत, तो हम बैठे रहे. घर गया. इधर बोलती है डरो. अब मैं डरूं के पापड बेचूं?"

सासूबाईंनी दोन शेकडा घेतले.

संध्याकाळी पाटील आले. "काकू, तो पेटीवाला कोण? नाव काय त्याचं?"

"तुमच्या ताटात रोज कुणाचा पापड असतो, ते मालकिणीला विचारा," सासूबाई म्हणाल्या.

पुढच्या खेपेला त्याला पहिलं दार उघडलं ते पाटलीणबाईंनी.