जुन्या ताण्याची चार बोटं

बेळगावच्या टिळकवाडीतल्या वाचनालयात दर गुरुवारी मी शेवटच्या ग्रीक तत्त्वज्ञांवर बोलायचो. सगळं एकाच मूळ तत्त्वातून येतं आणि ध्यानाने, पूजेने तिथेच परतता येतं, असं मानणारी ती माणसं. ऐकायला पाच-सहा जण. त्यांत वडगावचे एक म्हातारे विणकर असत. नाव मी कधी विचारलं नाही. ऐकताना त्यांचा अंगठा तर्जनीवर सारखा फिरायचा, दोरा पिळल्यासारखा.

एका गुरुवारी ते एकटेच आले. मी चिडलो.

"सम्राटानं त्या तत्त्वज्ञांची शाळा बंद केली. संपलं सगळं. आपला वर्गही आज संपला."

"सर, साडी उतरली तरी मागावरचा उभ्या दोऱ्यांचा ताणा आमी सगळा काढत न्हाय. चार बोटं शिल्लक ठेवतो, आन् नव्या ताण्याचा एकेक दोरा त्येलाच पिळून जोडतो. न्हायतर समदं पयल्यापासनं ववायला लागतंय."

"पण जोडणार कोण?"

त्यांनी पिशवीतून वही काढून माझ्यापुढे ठेवली. माझं प्रत्येक व्याख्यान कानडी अक्षरांत उतरवलेलं होतं. जन्म बेळगावात गेला, तरी त्यातली एकही ओळ मला वाचता येईना.

"पुढच्या गुरुवारी," मी म्हणालो, "जरा लवकर या. आधी हे मला वाचायला शिकवा."