एक दिवसाआड

वंदनाचं बीपी उतरत नव्हतं आणि का उतरत नाही, ते कोणालाच कळत नव्हतं. शिमग्यापासून तिला चक्कर येत होती. एकदा तर गोदामात खोक्यांना चिकटपट्टी लावता लावता ती मटकन खाली बसली. डॉक्टरांनी गोळी बदलली, मग वाढवली, तरी आकडा जिथल्या तिथे. मागच्या खेपेला त्यांनी तिला बाहेर बसवलं आणि मला सांगितलं, "पुढच्या तपासणीतही असंच निघालं तर भरती करावं लागेल. एखाद दिवशी लकवा मारेल हिला." मी, नीला, तिची शेजारीण. आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत आहे, त्यामुळे दवाखान्यात सोबत जायचं काम माझ्याकडे.

आमच्या खोल्या शहराबाहेर वाडीत, अमरावती रोडच्या मागच्या बाजूला. दिवसभर ट्रक येतात, दिवसभर धूळ. वंदनाचा नवरा जितेंद्र एका ट्रान्सपोर्टमध्ये माल मोजून घेतो, ती दुसऱ्या गोदामात पॅकिंग करते. घरात सासू रुखमाबाई, जिचा जन्म उमरेडला मागावर गेला आणि आता डोळे अधू झालेत. मुलगी मिनल बारावीला. भाडं दर वर्षी वाढतं, पगार मात्र जागचा हलत नाही, आणि या दोहोंच्या मधली जागा वंदना भरून काढते.

कशी काढते, ते पाहून मलाच दमायला होतं. तेलाची बाटली तिनं कधी थेट कढईवर धरली नाही, चमच्यानंच मोजून घालते. तुरीची डाळ आधी भिजवते, दोन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद आणि कुकर जुन्या गोधडीत. उन्हाळ्यात कूलरचा पंप थोडा वेळ चालवते. गवत भिजलं की पंप बंद, नुसता पंखा सुरू. रविवारच्या बाजारात ती दिवे लागल्यावर जाते, तेव्हा भाजीवाले उरलेल्या मालाचे स्वस्तात ढीग लावून मोकळे होतात. वर्षाचा गहू सावनेरहून भावाकडून आणते. साबणाच्या चिपट्या नव्या वडीला चिकटवते. मी एकदा चिडून म्हटलं, "अगं, थोडी तरी उधळी हो." ती नुसती हसली. हसायलाही तिला त्रास होत होता, हे मला दिसत होतं.

आमच्या बचत गटाची अध्यक्ष मी आहे, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं. दर महिन्याची बैठक म्हणजे सगळ्या बायका महागाईच्या नावानं बोटं मोडतात आणि घरी जातात. मला त्याचा कंटाळा आला होता. म्हणून या वेळी म्हटलं, रडगाणं पुरे, कोणीतरी घर चालवायच्या चार युक्त्या सांगा. सगळ्यांनी वंदनाकडे पाहिलं.

"मी काय सांगू वं? मले कुठं बोलता येते," ती म्हणाली. पण आली. गोदामातून सरळ हनुमान मंदिराच्या सभागृहात आली आणि भिंतीला टेकून बसली. मिनल तिला पाणी देऊन बाजूलाच बसली.

सुरुवातीला वंदनाचा आवाज निघेना. मग डाळीचं निघालं, गोधडीचं निघालं, आणि बायका हसायला लागल्या. "कुकरले थंडी वाजते काय वं?" कोणीतरी विचारलं. वंदनाही खुलली. कूलरचं सांगितलं, बाजाराचं सांगितलं. कितीतरी दिवसांनी मी तिच्या तोंडावर अशी रया पाहत होते. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी तिला तिच्या कामाबद्दल विचारत होतं ना.

तेवढ्यात मागून मीराबाई बोलल्या. त्यांचा नवरा साखरेच्या आजारानं बेजार आहे. "तेल-डाळीचं ठीक आहे वं, पण दवाखान्याचं काय? माह्या घरी सारा पैसा औषधातच जाते."

"त्याचंबी आहे ना," वंदना त्याच सुरात म्हणाली. "बीपीची गोळी मी एक दिवसाआड घेते. तोच गोळ्यायचा पत्ता दुप्पट पुरते."

माझ्या अंगात असा संताप चढला की उठून तिचे दोन्ही खांदे धरून हलवावेत. सहा महिने मी हिच्यासोबत दवाखान्याच्या बाकड्यावर बसले. डॉक्टर डोकं खाजवत होते, माझा नवस बोलायचा तेवढा बाकी होता, आणि ही बाई तेलासारखी आपली गोळी वाचवत होती.

"आई, तू तं डॉक्टरले रोज घेते म्हटलं होतं," मिनल म्हणाली.

"मंग काय सांगू त्यायले? ओरडले असते ते."

"अन् गोळी नसते त्या दिवशी डोकं नाही दुखत काय?" मीराबाईंनी विचारलं.

"दुखते ना," वंदना म्हणाली. "पण दुखायले पैसे नाही लागत."

कोणी हसलं नाही. मी बायकांकडे पाहिलं. निदान दोघीजणी पदराशी चाळा करत खाली पाहत होत्या. त्यांना मी काही विचारलं नाही, विचारायची गरज नव्हती. वंदनाला मात्र आपलं काय चुकलं तेच कळेना. ती एकेकीच्या तोंडाकडे पाहत राहिली. तिनं तर विचारलेलंच सांगितलं होतं.

नंतर बरंच बोलणं झालं. शहरात जेनेरिकच्या दुकानात हीच गोळी पुष्कळ स्वस्त मिळते, पण एकटीनं जायचं तर बसभाड्यात आणि बुडालेल्या मजुरीत तो फायदा संपतो. मीराबाईंना नवऱ्यासाठी तिकडे जावंच लागतं. डॉक्टरांकडून नावं लिहून घेतली तर साऱ्यांच्या गोळ्या आपण आणू, असं त्या म्हणाल्या. बैठकीत पहिल्यांदाच काहीतरी कामाचं ठरलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी नुसती थकून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. जितेंद्रला मिनलनं सगळं सांगितलेलं होतं. तो दाराशी खाली मान घालून बूट घालत होता, बराच वेळ तोच एक बूट घालत होता. वंदना कणीक मळत होती.

"हात धू अन् गोळी घे. माझ्यासमोर," मी म्हटलं.

"कालच घेतली वं."

"आजही घ्यायची आहे. उद्याही."

तिनं वाद घातला नाही. फळीवरचा डबा काढला, गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि लहान पोरीसारखं तोंड उघडून मला दाखवलं. मग पुन्हा परातीपाशी बसली, पण हात कणकेत गेले नाहीत. ती मनात काहीतरी हिशेब जुळवत होती. मिनलचं दूध, रुखमाबाईंचे डोळ्यांचे थेंब, जितेंद्रच्या डब्यातलं अंडं, एकेका गोष्टीवर तिची नजर जाऊन परत येत होती. शेवटी तिला जमलं. तिचा चेहरा मोकळा झाला.

"होईल वं बरोबर," ती मला म्हणाली. "मी रात्रीची एक पोळी कमी खाईन."