तिघांचं एक घर

भागीदारीत घर घेतलेल्या माणसाला किस्से शोधायला जावं लागत नाही, ते आपोआप साठतात. सांगायला बसलो की लोक पोट धरून हसतात. माझं मात्र अजून डोकं फिरतं!

डोंबिवलीला आम्हा तिघांच्या मालकीचं एक घर होतं. मी, शाळेतले जोगळेकर मास्तर आणि मूळचा कोलशेतचा बाळाराम पाटील. तिघांची बिऱ्हाडं तिथंच. एका व्यापाऱ्याने घसघशीत किंमत देऊ केली आणि आम्ही ते विकलं. वकील म्हणाले, "नफ्यावर नवा कर आलाय. पण वर्षाच्या आत दुसरं राहतं घर घेतलंत, तर तो आत्ता भरावा लागणार नाही."

"घ्यायचं ते तिघांनी एकत्रच!" मास्तर म्हणाले. आम्हीही शब्द दिला. मूर्ख कुठले!

माझी पाच माणसं भाड्याच्या एका खोलीत येऊन पडली. बायकोने बजावलं, "कर भरलात तर उरलेल्या पैशात घर सोडा, गोठाही मिळायचा नाही."

* * *

पहिलं घर टिटवाळ्याचं. मास्तरांनी विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि डोळे मिटले. "यात डाळ शिजणार नाही."

घरमालकीण भडकली. आत जाऊन आमटीचं पातेलंच घेऊन आली. "खाऊन बघा!"

मास्तरांनी दोन वाट्या ओरपल्या. मग तोंड पुसून म्हणाले, "आमटी फक्कड झालीय. पण पाणी नको."

झालं, परत फिरलो!

* * *

ठाण्याचं घर मला आणि मास्तरांनाही पसंत पडलं. तर बाळाराम अडून बसला. "आमचा बापूस बघल्याबिगर बयाणा द्यायचा नाय."

बापूस एकटा येतो होय? अकरा माणसं आली! म्हाताऱ्याने अंगण पावलांनी मोजलं आणि विचारलं, "भात कुठं सुकवाचा?"

मी म्हटलं, "अहो, शेत तुमचं कोलशेतला. भात इथे कशाला सुकवताय?"

"कवातरी आनला तर?"

त्या कधीतरी येणाऱ्या भातापायी घर गेलं. संताप संताप झाला नुसता!

* * *

आता माझंही सांगतो, उगाच साधुपणा नको. कल्याणचं घर तिघांनाही आवडलं. कुठल्या खोल्या कुणाच्या, यासाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि वरचा मजला मला आला. मी म्हटलं, "रोज जिने कोण चढणार? पुन्हा टाका!" पुन्हा टाकल्या, पुन्हा वरचाच. मी हट्टाला पेटलो, बाळाराम माझ्यावर ओरडला, मास्तर रुसून कोपऱ्यात बसले. एवढ्यात मालक ओटीवर आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून बयाणा घेऊन मोकळा!

घरी हे सांगितलं. बायको आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं.

* * *

वर्ष संपायला चार दिवस उरले तेव्हा डोंबिवलीतलंच एक घर मिळालं. पडकं होतं, पण छप्पर होतं. मी आणि बाळाराम म्हणालो, असेल तसं घेऊ. मास्तर म्हणाले, "दार दक्षिणेला आहे, मी सही करणार नाही." पाया पडायचा तेवढा बाकी राहिलो होतो मी!

वर्ष उलटलं. तिघं वकिलाकडे गेलो. मी म्हटलं, "आता काय, तिघांनीही कर भरायचा."

मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले, "तसं माझं... घर झालंय. कल्याणला. मेहुण्याच्या ओळखीने."

"कधी?"

"झाले असतील सहा महिने."

बाळाराम ताडकन उठला. "सा म्हयने? आन् मंग परवा आमच्यासंगं घर बघाला कशाला आलता?"



मास्तर कळवळून म्हणाले, "अहो, एकत्र घेऊ असं मीच म्हणालो होतो ना? मग येत नाही असं कोणत्या तोंडाने सांगणार? माणसाला भीड पडते हो!"