विशाखाचं जीवशास्त्र

शाळेच्या शिपायानं बातमी वर्गातच आणली. बारावीला लंबकाचं सूत्र शिकवत होतो. दारातूनच तो म्हणाला, "सर, आपली विशाखा गेली म्हणून राह्यले लोकं. तिकडं, भामरागडकडं. ताप डोक्यात चढला." मी "बरं" म्हणालो आणि फळ्याकडं वळून सूत्र पूर्ण केलं. मुलांनी ते उतरवूनही घेतलं. मग मात्र खडू खाली ठेवून मी बाहेर पडलो, तो थेट घरी.

बावीस वर्षांची होती. भामरागडच्या पुढं एका उपकेंद्रात नर्स. तापाच्या साथीत पाड्यापाड्यावर गोळ्या वाटत हिंडली आणि शेवटी स्वतःच पडली. नदीला पूर, रस्ता बंद, डॉक्टर पलीकडच्या काठाला. चार दिवस वाट पाहिली म्हणतात... महिना होत आला. तालुक्याच्या साप्ताहिकात तिच्याबद्दल चार चांगले शब्द लिहा, असं शाळेतले लोक म्हणतात. चांगले शब्द तिच्याबद्दल पुष्कळ आहेत. अडचण माझी आहे.

गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि कुरखेडा तालुक्यातल्या आमच्या शाळेला अकरावी-बारावीची विज्ञानाची तुकडी नव्यानं मिळाली होती. मी सगळ्यांत नवा, नेमणूक तात्पुरती. मुलं कमी पडली की तुकडी जाणार आणि तुकडीबरोबर मी. दोन नावं कमी होती. अशात विशाखाचे बाबा तिला घेऊन आले. धानाची थोडी शेती, अंगावर धुतलेला पांढरा सदरा, हातात लेकीची दहावीची गुणपत्रिका. मार्क पाहून मी खुर्चीवरून उठलोच.

"पोरीले डॉक्टर व्हायचं हाय, सर," ते म्हणाले. "इथी ठेवू का ब्रह्मपुरीले धाडू?"

आमच्याकडं जीवशास्त्राला शिक्षकच नव्हता, जागा रिकामी. त्याऐवजी आम्ही मुलांना भूगोल देत होतो. मी म्हणालो, "इथंच ठेवा, भाऊ. गणित-भूगोल घेऊ द्या. मेडिकलला शेवटी मार्क पाहतात."

विज्ञानाचा पदवीधर इतका अडाणी कसा, असं कुणीही विचारील. आमच्या भागातून मेडिकलला कुणी गेलेलं मी पाहिलं नव्हतं. जीवशास्त्र लागतं असं ऐकून होतो, मागास भागाला सवलत मिळते असंही ऐकून होतो. नागपूरला एक पत्र टाकलं असतं तर आठ दिवसांत कळलं असतं. पण उत्तर काय येईल याची मला धास्ती होती. म्हणून मी पत्र टाकलं नाही. विशाखा आली, तिच्या मागोमाग तिची मैत्रीण आली, तुकडी वाचली. आज मी कायम आहे.

आमची प्रयोगशाळा म्हणजे दोन टेबलं, एक कपाट आणि एकुलता एक सोनोमीटर. मुलं आधी उत्तर ठरवायची आणि त्याला जुळतील अशी निरीक्षणं मागून भरायची. सगळीकडं तसंच चालतं, मीही डोळेझाक करायचो. विशाखाच्या जर्नलात मात्र चुकलेले आकडे तसेच. एकदा लंबकाच्या प्रयोगाला मी वैतागून म्हणालो, "अगं, हे उत्तर येत नसतं." तर म्हणे, "आलं तेच लिवलं, सर. पुन्हा करून पाहू का?" आणि सगळे घरी गेल्यावर एकटीनं तो प्रयोग पुन्हा केला. दुसऱ्यांदाही उत्तर चुकलं, तेव्हा स्टॉपवॉचच मागं पडतंय हे तिनंच शोधून काढलं.

बारावीला ती शाळेत पहिली आली. बाप-लेक नागपूरला अर्ज घेऊन गेले. खिडकीतल्या माणसानं गुणपत्रिका उलटसुलट पाहिली, "जीवशास्त्र कुठाय?" म्हणाला आणि कागद परत केला. तो विषय घेऊन पुन्हा बसायचं तर प्रात्यक्षिकं कुठं करणार, आणि घरात धाकटी भावंडं शिकायची होती. ती नर्सिंगला गेली. त्या कोर्सला दहावी पुरत होती. माझ्या हाताखालची दोन वर्षं तिच्या काही कामाला आली नाहीत.

नोकरी लागल्यावर एकदा रजेवर आली तेव्हा शाळेत भेटायला आली. पेढे दिले. साथीबद्दल, तिकडच्या बायकांकडून शिकलेल्या गोंडीबद्दल भरभरून बोलली. मग अगदी सहज विचारलं, "सर, तुमाले खरंच मालूम नव्हतं का?"

"नव्हतं," मी म्हणालो.

"मंग विचारलं काऊन नाई?"

मी पेढ्यांचा पुडा आवरायला लागलो. तिनंही विषय बदलला, माझ्या मुलाची चौकशी केली, वाकून नमस्कार केला आणि बस पकडायला गेली. मला तिनं रागावायला हवं होतं...

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यांच्या गावी गेलो. तिच्या फोटोसमोर मेणबत्त्या लावलेल्या. बुद्धवंदना झाली, आणि बाबांनी मला हाताला धरून चार माणसांपुढं नेलं. "ह्या सरांच्यानं माही पोरगी नोकरीले लागली," ते सांगत होते. मग धाकट्या संघमित्राला पुढं केलं. यंदा दहावी झालेली, तिलाही डॉक्टरच व्हायचंय. "हिले बी तुमच्याच हाताखाली टाकतो, सर." मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते मलाच कळलं नाही. त्यानंतर दोनदा सायकल काढली आणि दोन्ही वेळा अर्ध्या वाटेवरून परत आलो. तोंडानं जमत नाही, म्हणून हे छापायला दिलं.

संघमित्रा, बाबांना बारीक अक्षर दिसत नाही, तेव्हा हे तूच वाचून दाखवशील. मधलं काही गाळू नकोस. आमच्याकडं जीवशास्त्राची जागा अजून रिकामीच आहे आणि तुकडीला यंदाही एक नाव कमी पडतंय. ते तुझं नको. मी परवा ब्रह्मपुरीला जाऊन विचारून आलो. तिथं जीवशास्त्र आहे. येत्या शनिवारपर्यंत प्रवेश चालू आहे.