फळीवरची देवयानी

"दीदी, स्यार आर नेई..." सर गेले, एवढंच दादाचा बंगाली विद्यार्थी दारात बोलला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. सकाळी माझ्या हातचे पोहे खाऊन गेलेला माझा भाऊ कॉलेजात वर्गाबाहेरच्या बाकावर जरा टेकला, तो उठलाच नाही. दीड महिना झाला. भवानीपूरच्या या घरात आम्ही दोघंच होतो. मराठीत भांडायलासुद्धा आता कुणी नाही.

दादा पदार्थविज्ञान शिकवायचा, पण जीव अडकलेला सर्पिल दीर्घिकांमध्ये, ताऱ्यांच्या त्या अवाढव्य भोवऱ्यांमध्ये. "अगं शालू, आपण आपल्या दीर्घिकेच्या पोटात बसलोय, तिचं तोंड दिसणार कसं? म्हणून शेजारणीकडे बघायचं." ही शेजारीण म्हणजे देवयानी दीर्घिका. तिच्याकडून येणारे क्ष-किरण आपली हवा अडवते, म्हणून दुर्बीण उपग्रहावर बसवून वर पाठवलेली. त्या दुर्बिणीनं टिपलेले आकडे दादाचा परदेशातला मित्र लांबच लांब कागदांवर छापून टपालानं धाडायचा आणि हा पट्टी-पेन्सिल घेऊन एकेक आकडा तपासत बसायचा. त्यावर एक शोधनिबंध लिहायचा होता त्याला. आयुष्यात एकच, पण स्वतःचा.

एका दिवाळीत मी मेली हौशी, फराळाआधी स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर न बघता हाताला लागतील ते कागद अंथरले. आठवड्यानं देवयानीचा कागद सापडेना. दादानं घर पालथं घातलं. "तू पाहिलास का गं?" "नाही बाई," मी म्हटलं, आणि तेव्हा ते खरंच होतं. संक्रांतीला चिवड्याचा डबा घासायला काढला, तर खाली आकडेच आकडे, त्यावर तेलाचं गोल वर्तुळ... डबा गुपचूप जागेवर ठेवला. मित्राकडून दुसरी प्रत यायच्या आतच तेच काम दुसऱ्या कुणाचं तरी छापून आलं. "असू दे. देवयानी कुठे पळून जातेय?" दादा हसला, पण त्या दिवशी जेवला नाही. आणि मी करंटी तोंड शिवून बसले.

पुढे त्याला एक सवय लागली. कॉलेजातून आला की फळीपाशी उभा राहून चिवडा खात रेंगाळायचा. "घोडा झालास तरी खा-खा सुटत नाही!" मी बाहेरून ओरडायची. कधी विचारायचा, "शालू, काही म्हणायचंय का?" "छे! चहा टाकू?" "टाक." वर्षानुवर्षं एवढंच.

परवा धीर केला. दादाच्या फोटोपुढे ठेवून माफी मागावी म्हणून तो कागद फळीवरून काढला. प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलीची बारीक खूण, पार शेवटच्या ओळीपर्यंत. चिवडा खात तो काय करत होता, ते तेव्हा कळलं. तेलाच्या डागाशेजारी त्याचं किरटं अक्षर: "इथले आकडे वाचता येत नाहीत. शालूला विचारायचं नाही."

दादा, एकदा तरी ओरडायचंस रे माझ्यावर!

कागद पुन्हा अंथरला, डबा त्याच वर्तुळावर ठेवला. तळाशी मूठभर चिवडा आहे. खवट झाला असेल, पण मी काही तो काढणार नाही.