काठीच्या जागी बेडोज

नाव : ऑब्री क्लेमंट बेडोज. वय : सत्त्याहत्तर. पूर्वीचा व्यवसाय : वजनमापे निरीक्षक (निवृत्त). सध्याचा हुद्दा : सिग्नलमन (मानद), ऑनीफोर्ड–क्वार्ली हिल रेल्वे, मधले केबिन. सेवा : एकतीस वर्षे. वेतन : चहा. दृष्टी : चष्म्यासह समाधानकारक. श्रवण : पत्नी वगळता समाधानकारक. चुका : निरंक.

हा तक्ता दरवर्षी ऑगस्टमध्ये भरला जातो. आमची रेल्वे हौशी मंडळी चालवतात. पगार कोणालाच नाही, त्यामुळे नियम भरपूर आहेत. पंच्याहत्तरीनंतर दरवर्षी परीक्षा, हा त्यातलाच एक. परीक्षक थॅकवेलबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. बाई उत्तीर्ण म्हणाल्या तर आणखी एक वर्ष केबिन. नाही म्हणाल्या तर ऑनीफोर्ड स्टेशनात केक विकायचे. केबिनवरून खाली आलेले सगळे तिथेच जातात. बेडोज त्या टेबलासमोरून जाताना नेहमी दुसरीकडे बघायचे.

यंदा बाई सुटीच्या सोमवारी सकाळी आल्या आणि वही काढून केबिनच्या कोपऱ्यात बसल्या.

केबिनपासून क्वार्ली हिलपर्यंत रूळ एकेरी आहेत. समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून त्या टप्प्याची एक लाल लाकडी काठी असते, हातभर लांब, वर पितळी पट्टी. जिच्या ड्रायव्हरच्या हातात काठी, तीच गाडी पुढे. दुसरी काठी नाही, हाच तिचा गुण. रात्री ती केबिनमध्ये दाराजवळच्या खुंटीवर टांगलेली असते.

दहा-पंधराची गाडी आली. बेडोजनी वेळापत्रकावरची नजर न काढता खुंटीवरची वस्तू उचलली आणि खिडकीतून खाली दिली. इंजिनावर इद्रिस मॅडॉक्स होता, पूर्वीचा पोस्टमन. त्याने ती हातात घेतली आणि गाडी हलवली नाही.

“ऑब्री, हे काय?”

“काठी. नीघ, दोन मिनिटं उशीर झालाय.”

“अरे, हिला बटण आहे.”

“काय आहे?”

“बटण. नियमाप्रमाणे पाहिली, हातही लावला. आता उघडूनही दाखवू?”

उघडली. लाल होती, एवढं एकच साम्य. ती बेडोजच्या बायकोची, ग्लेनिसची छत्री होती. रविवारी संध्याकाळी घरी निघताना बेडोजनी काठी काखेत मारली होती आणि छत्री मागे राहिली होती.

डब्यांतले प्रवासी छत्रीकडे बघून टाळ्या वाजवू लागले. तिकिटात हेही येतं असं त्यांना वाटलं असावं.

“बेडोज,” बाई म्हणाल्या, “काठी कुठे आहे?”

“मोटारीच्या डिकीत असणार, बाई.”

“मोटार?”

“ग्लेनिसकडे. बहिणीकडे गेलीय ती, संध्याकाळी येईल. सकाळी मला फाटकाशी सोडून तशीच गेली.”

“मग फोन करा.”

“ती बंद ठेवते, बाई. चार्जिंग संपू नये म्हणून.”

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मग पुस्तक न उघडता त्यांनी नियम म्हटला : “काठी उपलब्ध नसल्यास सक्षम व्यक्तीची लेखी नेमणूक करावी, तिच्या दंडावर लाल पट्टी बांधावी, आणि सदर व्यक्ती हीच काठी समजावी.” सदर व्यक्तीला प्रत्येक गाडीबरोबर इंजिनावर जावं लागतं. आमच्याकडे अशा सक्षम व्यक्ती चार. एकाने नवा गुडघा बसवून घेतला होता, एक स्पेनमध्ये होता, तिसऱ्या स्वतः बाई.

“मी केबिन सांभाळते,” बाई म्हणाल्या. “तुम्ही जा.”

“पण बाई, काठी मीच हरवलीय.”

“हरवणाऱ्याने काठी होऊ नये असं नियमात कुठेही नाही. दंड पुढे करा.”

एकतीस वर्षांत बेडोज आमच्या गाडीत कधी बसले नव्हते. गाड्या चालायच्या तेव्हा ते केबिनमध्ये. केबिन बंद तेव्हा गाड्याही बंद. इद्रिसने हात देऊन त्यांना वर घेतलं.

“ये बाबा, काठी. जपून. या काठीला संधिवात आहे.”

 इद्रिस सांगतो, जाताना बेडोज कोळशाकडे आणि मेंढ्यांकडे सारख्याच आदराने बघत होते. परतताना केबिनच्या अलीकडचं वळण आलं.

“आता बघ,” इद्रिस म्हणाला. “तुझा सिग्नल दिसतोय?”

“नाही.”

“आता?”

“थांब जरा… नाही.”

“आता?”

“आता दिसला.”

“मग लाव बघू आता वेळेत ब्रेक. ते काटेरी झुडूप नऊ वर्षं वाढतंय. नऊ वेळा लिहून दिलं मी. तू काय उत्तर दिलंस?”

बेडोजना उत्तर पाठ होतं. ‘सिग्नल स्पष्ट दिसतो. ए. सी. बेडोज.’ केबिनच्या खिडकीतून तो स्पष्टच दिसतो. झुडूप पलीकडच्या बाजूला आहे.

दिवसभरात पाच फेऱ्या झाल्या. पाचही वेळा ते त्या वळणावर बाहेर वाकून उभे राहिले. शेवटची गाडी गेल्यावर ते केबिनचा जिना चढले, तक्रारवही मागून घेतली आणि इद्रिसच्या नवव्या तक्रारीखाली लिहिलं : ‘सिग्नल दिसत नाही. पूर्वीची नऊ उत्तरे चूक. ए. सी. बेडोज.’ दंडावरची पट्टी सोडून त्यांनी घडी केली आणि बाईंसमोर ठेवली.

“केकचं टेबल कधीपासून, बाई?”

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली.

“स्वतःची चूक न विचारता लिहून देणारे विद्यार्थी मला बेचाळीस वर्षांत चार भेटले,” त्या म्हणाल्या. “त्यातले तीन तरीही नापास झाले.”

बेडोज उभेच होते.

“बसा, बेडोज. तुमची खुर्ची आहे. आणि ती छत्री घरी न्या.”

झुडूप शनिवारी तोडलं. काठी त्याआधीच, मंगळवारी, ग्लेनिसने आणून दिली. इतकी जड छत्री कोणी घेतं का, असं विचारून. यंदाच्या तक्त्यात ‘चुका’ या रकान्यात ‘दहा’ असं आहे, निकालाच्या रकान्यात ‘उत्तीर्ण’. काठी हरवल्याच्या अहवालात कारण द्यावंच लागतं. बाईंच्या वळणदार अक्षरात तिथे लिहिलं आहे : ‘प्रतिकूल हवामान.’

त्या रविवारी पाऊस पडला नव्हता.